रतांब्याचा डाग, पिवळा पडलेला शर्ट आणि पिवळट खोबरेल, रंग काढायचा कशाने?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मी समजलो तो असा, की जूनसाठी आणलेला मुलाचा शाळेचा नवाकोरा पांढरा शर्ट, त्याने तो घालून बघितला आणि तसाच रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसला, रस उडाला, तुम्ही लगेच वडी साबण घासला तर लाल डाग निळसर काळपट झाला, मग घाबरून लिक्विड ब्लीच बाटलीतून तसंच ओतलं, डाग गेला पण तिथे पिवळा चट्टा राहिला आणि इस्त्री फिरवल्यावर तर अख्खा शर्टच पिवळट दिसायला लागला. आणि दुसरं म्हणजे घरच्या खोबऱ्याचं तेल घाण्यावरून पिवळट येतं, गिऱ्हाईक पाण्यासारखं मागतं, तर त्यात रंग जायला काय टाकू.

दोन्हीचं एकत्रच लिहितो कारण घोळ दोन्हीकडे एकच आहे, आपण धरून चालतो की रंग घालवायचं एक औषध असतं आणि ते सगळीकडे चालतं. तसं नसतं. माझी रत्नागिरीत लाँड्री आहे, २६ वर्षं झाली, त्याआधी डोंबिवलीला प्रोसेस हाऊसमध्ये ब्लीचिंगला होतो, आणि वडील लालबागला गिरणीत ब्लीचिंग खात्यातच, ८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळे क्लोरीनचा वास घरात लहानपणापासून ओळखीचा. तरी अजून नवीन डाग समोर आला की मी पहिली पाच मिनिटं काहीच लावत नाही, नुसता बघतो.

आधी एवढं डोक्यात घ्या की रंग घालवायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे रंगाचा कण ऑक्सिजनने किंवा क्लोरीनने मोडून टाकायचा, यात ब्लीच, टीसीएल पावडर (विहिरीत टाकतात ती), हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळे आले. दुसरी उलटी, रंगाच्या कणातून ऑक्सिजन काढून घ्यायचा, यात हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, आमच्या धंद्यात नुसतं हायड्रोच म्हणतात. आणि तिसरी म्हणजे रंगाला हात न लावता तो तसाच्या तसा चिकटवून उचलून न्यायचा, यात कोळसा आणि माती. कपड्याला पहिल्या दोन चालतात, तिसरी साधारण पातळ पदार्थाला. तुमच्या तेलाला पहिल्या दोन अजिबात नाहीत, ते खाली सांगतो.

आता रतांब्याचं बघू. रतांब्याचा लाल रंग आणि जांभळाचा रंग एकाच खानदानातले, अँथोसायनिन म्हणतात, आणि हा रंग आंबटात लाल राहतो आणि खारात गेला की निळा, हिरवट, राखाडी होतो. साबण म्हणजे खार. म्हणजे तुमचा डाग साबणाने "पक्का" झाला नव्हता, त्याने फक्त रंग बदलला होता. पुन्हा कधी झालं तर गंमत करून बघा, त्या निळ्या डागावर लिंबाचे दोन थेंब पिळा, डोळ्यांदेखत परत गुलाबी होतो. लाँड्रीत कोण निळा डाग घेऊन आलं आणि "शाईचा आहे हो" म्हणालं की मी हेच करतो, गुलाबी झाला की म्हणतो, शाई नाय ती, सोलकढी आहे, काल कुठे जेवायला गेलेला?

असा डाग ताजा असताना साबण नको, गरम पाणी नको. मागच्या बाजूने गार पाण्याची धार धरायची, म्हणजे रस ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्याला पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं ते बहुतेक ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं, त्यात तेवढंच पाणी घालायचं, सुती कपडा असेल तर चिमूटभर धुण्याचा सोडा, डागावर लावून अर्धा तास ठेवायचं आणि डाग वाळू द्यायचा नाही. एकदा नाही गेला तर दुसऱ्यांदा. पेरॉक्साइड संपल्यावर त्याचं पाणीच होतं, मागे काही राहत नाही, म्हणून मला ते आवडतं. बाजारात ऑक्सिजन ब्लीच म्हणून पांढरी पावडर येते ती सोडियम परकार्बोनेट, पाण्यात पडली की तीच दोन होतात, पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा, पण तिला पाणी गरम लागतं, ५०-६० डिग्री, गार पाण्यात टाकून लोक म्हणतात काम करत नाही, कशी करेल.

मग ब्लीचने पिवळं का झालं? यात तीन गोष्टी असू शकतात, तुमच्याकडे बहुतेक तिन्ही आहेत.

पहिली, शाळेचे शर्ट हल्ली टेरिकॉटचे आणि वर "चुणी पडत नाही" असं फिनिश दिलेले येतात. ते फिनिश म्हणजे एक रेझिन असतं, त्यातली काही रेझिनं क्लोरीन धरून ठेवतात, सोडतच नाहीत. डोळ्यांना दिसत नाही, आणि इस्त्रीचा ताप लागला की तो क्लोरीन सुटतो, आम्ल तयार होतं, कापड पिवळं पडतं आणि कच्चंही होतं. तुमचा शर्ट इस्त्री फिरवल्यावर पिवळा दिसला म्हणताय, म्हणून माझा पहिला संशय यावरच. आता त्याच्यावर परत इस्त्री नको.

दुसरी, नवा पांढरा कपडा पांढरा दिसतो तो नुसता धुतलेला म्हणून नाही, त्यावर राणीपाल, टिनोपालसारखी चमक दिलेली असते जी उन्हात निळसर उजळते. कडक ब्लीच ती चमकच मारतं, आणि चमक गेली की खालचा मूळ पिवळटपणा दिसतो. तो डाग नव्हे, ते कापडाचं खरं रूप. कोरा मांजरपाट बघितलाय ना, कापसाचा रंग तोच.

तिसरी आपल्या कोकणाची खास, लोखंड. आपली माती तांबडी, दगड जांभा, बऱ्याच विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह असतं, बादलीत नितळ दिसतं पण त्यात ब्लीच पडलं की विरघळलेलं लोह गंज होऊन बाहेर येतं आणि कपड्यावर बसतं. म्हणजे आपण पांढरं करायला गेलो आणि गंजाचा पातळ हात दिला. तांबड्या मातीच्या डागाला, गंजाच्या डागाला ब्लीच लावू नका ते यासाठीच, ते जात तर नाहीत, उलट घट्ट बसतात. आणि गंजावर पेरॉक्साइडही नको, लोह पेरॉक्साइडला इतकं भडकवतं की नेमकं तिथलं सूत खाल्लं जातं. माझ्याकडे एकदा वीस-बावीस सदरे आले होते, मागे सगळ्यांच्या एकाच उंचीवर गंजाचा ठिपका, खुंटीच्या खिळ्याचा, आमच्या नवीन पोराने सगळे पेरॉक्साइडच्या टाकीत टाकले, बाहेर काढून झटकले तर प्रत्येकाला ठिपक्याच्या जागी वाटाण्याएवढं भोक. भरपाई मीच दिली. गंजाला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूफूल, कोमट पाण्यात, किंवा लिंबू-मीठ लावून उन्हात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड जास्त जोरात काम करतं पण ते विष आहे, पोराबाळांच्या घरात आणू नका.

तर तुमच्या शर्टाचं आता असं करा. साध्या पाण्यात तीन वेळा खळबळून काढा, विहिरीच्या पाण्याला तांबडेपणा असेल तर पागोळीचं पाणी धरून त्यात. मग हायपोचे खडे आणा, पूर्वी फोटो स्टुडिओवाल्याकडे मिळायचे, आता फिशटँकच्या दुकानात अँटीक्लोरीन म्हणून तोच सोडियम थायोसल्फेट मिळतो, अर्ध्या बादली कोमट पाण्यात एक चमचा, शर्ट अर्धा तास बुडवून. याने अडकलेला क्लोरीन मरतो. परत खळबळा, आणि मगच लिंबूफुलाचं पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा, अर्धा तास. हा क्रम बदलू नका, क्लोरीन कपड्यात असताना आंबट पडलं तर वायू सुटतो. परत खळबळा. शेवटी गरम पाण्यात परकार्बोनेट एक मोठा चमचा, तासभर. एवढं झाल्यावर राणीपाल द्या आणि सावलीत वाळवा. चट्टा सत्तर-ऐंशी टक्के जाईल असं वाटतं. रेझिन जळून पिवळं झालं असेल तेवढं मात्र परत येत नाही, त्याला मी पण काही करू शकत नाही.

ब्लीच वाईट आहे असं म्हणत नाही हां. पावसाळ्यात सुती पांढऱ्यावर जे काळे ठिपके पडतात, बुरशीचे, चार दिवस ऊन नाही, कपडे दांडीवर तसेच, त्या ठिपक्यांना ब्लीचसारखं काही नाही. पण पाच लिटर गार पाण्यात पंचवीस-तीस मिली, दहा मिनिटं, घड्याळ लावून, आणि नंतर हायपो. बाटलीतून थेट कपड्यावर कधीच नाही. जास्त टाकलं म्हणजे जास्त पांढरं होत नाही, सूत कमी होतं. आणि बाटली जुनी करू नका, उन्हात-उकाड्यात तिचा जोर आपोआप उतरतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकरच.

टीसीएलबद्दल पण विचारतात बरेच जण, ग्रामपंचायतीची विहिरीत टाकायची पावडर, ती आणून कपड्याला लावतात. ती जुनीच चीज आहे, क्लोरीन शोधला शेलेने १७७४ मध्ये, बर्थोले नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ च्या सुमाराला त्याने कापड पांढरं करून दाखवलं, आणि १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या टेनंटने तो चुन्यात जिरवून कोरडी पावडर केली, तीच ही. त्याआधी युरोपात कापड महिनोन् महिने गवतावर पसरून ठेवायचे, मधे मधे आंबट ताकात बुडवायचे. म्हणजे जे काम एका उन्हाळ्याचं होतं ते काही तासांवर आलं, गिरण्या त्यामुळेच चालल्या. पण त्या पावडरीत ताजी असताना एक तृतीयांशाच्या आसपास क्लोरीन आणि बाकी चुना असतो, न विरघळलेला कण कपड्यावर बसला की तिथे टाचणीएवढं भोक. लावायचीच असेल तर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी घ्या, साका नको.

रेशीम आणि लोकरीला मात्र क्लोरीनचा थेंबही नाही. हे मी जोरात सांगतो कारण दर गणपतीनंतर एक तरी केस येते. दोन वर्षांपूर्वी एक गुरुजी कद, म्हणजे सोवळ्याचं रेशमी धोतर, घेऊन आले, चांगला जुना, काठ अजून लखलखीत, मांडीवर सोलकढी सांडलेली आणि घरच्यांनी आधीच ब्लीच लावून बघितलेलं. तळहाताएवढा भाग पिवळा आणि जरा चिकट लागत होता. मी दिव्याखाली धरला आणि आतून बोटाने नुसतं चाचपलं तर बोट आरपार. गुरुजी काही बोलले नाहीत, घडी करून पिशवीत ठेवला. क्लोरीन रेशमाला विरघळवतो, लोकरीलाही, आणि नायलॉन, स्ट्रेचच्या कपड्यालाही तो पिवळा पाडतो. रेशमावरच्या सोलकढीला आधी कोकमाचं गार पाण्याने, मग नारळाच्या दुधाचा तेलकटपणा थोड्या सौम्य शाम्पूने, आणि उरलाच रंग तर पातळ पेरॉक्साइड, तेही आधी आतल्या शिवणीवर लावून बघून.

हायड्रो कुठे लागतं सांगतो. लाल परकराचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागला, तिथे. ६० डिग्रीच्या पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं, लागलेला रंग बघता बघता फिका होतो. पण ते लागलेला रंग आणि मूळ छपाई यात फरक करत नाही, फुलाफुलाचा झंपर टाकलात तर फुलंही जातील. आणि काही रंग फसवतात, निळीची जात बघा, खरी इंडिगो, हायड्रोत पिवळी-हिरवी होते आणि तुम्हाला वाटतं गेली, कपडा बाहेर काढून हवेत धरला की दोन मिनिटांत परत निळा. डब्याला ओल लागू देऊ नका, ओलं हायड्रो आपोआप तापतं, पेटतंसुद्धा. दार-खिडकी उघडी ठेवून करा, गंधकाचा वास घशाला लागतो.

हळदीला फार डोकं लावू नका, साबणाने लाल होईल, घाबरायचं नाही, धुऊन कडक उन्हात ओलाच टाका, दोन-तीन उन्हांत हळद उडते. काजूच्या बोंडाचा डाग मात्र आधी दिसत नाही, पोरं बोंडू खाऊन शर्टाला तोंड पुसतात, धुतल्यावर तपकिरी उमटतो, त्यात टॅनिन असतं, लोह आणि सोडा लागला की आणखी काळा. पेरॉक्साइडने हळूहळू फिका होतो, आठ दिवस जुना असेल तर पूर्ण जात नाही. काजूच्या टरफलाच्या तेलाचा तर नादच सोडा, बिब्बा त्याचाच भाऊबंद, आणि परीट लोक पूर्वी कपड्यावर खूण करायला बिब्बाच वापरायचे, का, तर भट्टीतही ती जात नसे. वडिलांच्या पंचाच्या कोपऱ्यात लालबागच्या परटाची खूण अजून आहे, पंचा विरला, खूण तशीच.

आणि एक राहिलं, ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका. माझ्याकडच्या एका मदतनीस बाईंनी मोरी साफ करताना दोन्ही एकाच बादलीत ओतलं, हिरवट पिवळा वाफारा आला, खोकून खोकून बाहेर आणलं त्यांना, संध्याकाळपर्यंत दवाखान्यात. ब्लीचमध्ये लिंबू पिळायचा व्हिडिओ फिरतो तोही तसलाच, आणि शिवाय ब्लीचचा खार उतरला की तो सुताला जास्त खातो.

आता तेल. ताई, तेलात ब्लीच, पेरॉक्साइड, हायड्रो यातलं काहीही घालायचं नाही, कोणी कितीही सांगू दे. गुळाचं काय झालं बघा, गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून काही जण काहिलीत हायड्रो मारतात, गूळ दिसतो छान, पण ठेवल्यावर काळवंडतो आणि गंधक आपल्या पोटात. जुने गुळवे रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढायचे, तो खरा रंग काढणं, कारण घाण बाहेर जाते, लपत नाही. काजू बोंडाच्या रसात साबुदाण्याची खळ घालून टॅनिन खाली बसवतात तेही त्यातलंच.

तेलाला रिफायनरीत जे करतात ती तिसरी तऱ्हा, ब्लीचिंग माती आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. गंमत म्हणजे हा कार्बन चांगला कशापासून होतो, तर नारळाच्या करवंटीपासून. चुलीतला कोळसा नव्हे, करवंटीचा कोळसा ८००-९०० डिग्रीच्या पुढे वाफेत तापवतात, मग त्यात इतकी बारीक छिद्रं पडतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. हजार चौरस मीटर म्हणजे साधारण दहा गुंठे. चिमटीभर काळ्या पावडरीत दहा गुंठे जागा, त्यावर रंग आणि वास जाऊन बसतो. धुरावर वाळवलेल्या खोबऱ्याच्या तेलात धुराचे जे अपायकारक अंश उतरतात तेही कार्बन धरतो, म्हणून रिफायनरीवाले तो वापरतात.

घरी होतं का? होतं, मेहुण्याच्या तेलावर मी केलंय. दहा किलो तेल ८० डिग्रीपर्यंत तापवलं, शंभर ग्रॅम खाण्याच्या दर्जाचा कार्बन, अर्धा तास ढवळलं. इथवर सोपं. मग गाळायला घेतलं तर मलमलीतून काळंच तेल खाली, दुहेरी केली तरी काळं, शेवटी फिल्टर पेपरातून थेंब थेंब, दोन दिवस लागले, ओटा, हात, मेहुणीची साडी सगळं काळं, आणि कार्बनने स्वतः प्यायलेलं तेल गेलं ते वेगळं. तेल मात्र पाण्यासारखं झालं. बहिणीने वास घेतला आणि म्हणाली, ह्याला खोबऱ्याचा वास कुठेय? वासही कार्बनने नेलेला. घाण्याचं म्हणून जे चार पैसे जास्त मिळतात ते त्या वासाचेच.

म्हणून माझं म्हणणं, तेलाचा रंग बाटलीत नाही, खोबऱ्यात काढा. पिवळेपणा येतो तो बुरशी लागलेल्या, धुरकट किंवा जास्त तापलेल्या खोबऱ्याने. वाट्या फोडल्या त्याच दिवशी उन्हात घाला, रात्री आत घ्या, ऊन नसेल तर धुराऐवजी सोलर ड्रायर मिळतो का बघा, काळे पडलेले तुकडे निवडून टाका, नाहीतर ते उगाच घाण्यात जातात. तेल आणल्यावर स्टीलच्या टाकीत तीन दिवस हलवू नका, वरचं निवळलेलं ओतून घ्या. पुढच्या घाण्याला एवढं करा आणि आधीच्या तेलाची एक बाटली शेजारी ठेवून बघा. थोडी पिवळी झाक राहील, ती घाण्याच्या तेलाला असतेच.

शर्टाला आज हायपोचं पाणी द्या, इस्त्री करू नका, आणि वाळत घालताना तार गंजलेली नाही ना ते आधी पुसून बघा.